पाळणा निकाली निघाला

आमच्या गावात एक सरकारी काम वेळेवर झालं आणि त्यामुळे आमच्या घरावर आभाळ कोसळलं.

हसू नका. काम न होण्याची आम्हा महाडकरांना उत्तम सवय आहे. 'साहेब पंचनाम्याला गेलेत', 'सर्व्हर झोपलाय', 'झेरॉक्स कुठाय?', 'ही नको, दुसरी झेरॉक्स कुठाय?' हे ऐकत माझे केस पांढरे झाले. (उरलेत त्यांचं बोलतोय.) सरकारी कामाला निघायचं म्हणजे मी कारखान्यातून रजा टाकतो, पोटभर जेवतो आणि मन घट्ट करून निघतो. पण काम झालंच तर पुढे काय करायचं, हे मला आजवर कोणी शिकवलेलं नव्हतं!

त्या दिवशी माझ्या नातीचं बारसं होतं. लेक दीपाली बाळंतपणाला आमच्याकडे आलेली. जावई अनिकेत आदल्या दिवशीच पुण्याहून येऊन ठेपलेला. आणि त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, दुपारी वरंध घाटातून गाडीने उतरणार होत्या. विहीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत. फक्त कुठेही गेल्या की आधी कशावरून तरी एक बोट फिरवतात आणि मग त्या बोटाकडे बघतात.

सकाळी चहाला जावयाने विषय काढला.

"पप्पा, पुण्यात आता सगळं स्मार्ट झालंय. खड्डा दिसला, फोटो काढला, ॲपवर टाकला!"

"मग खड्डा बुजतो?"

"नाही, पण तक्रार क्रमांक लगेच येतो."

"हात्तिच्या! ॲप तर आमच्या पालिकेनेही काढलंय. 'चुटकीसरशी' नाव आहे त्याचं."

"महाडमध्ये?" असं म्हणून तो हसला. नुसता हसला असता तर मी सोडून दिलं असतं. पण हसता हसता त्याचं बिस्कीट चहात तुटून पडलं, बुडालं, तरी गडी हसतोच आहे! जावई झाला म्हणून काय झालं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मनात म्हटलं, थांब लेका, तुला दाखवतोच आज.

मग जिलबी आणि फुलं आणायला मी बाजारात गेलो. (मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलबी, अशी आमच्याकडे पद्धत. ती कोणी पाडली ते विचारू नका, मला जिलबी आवडते.) परत येतो तर आळीच्या तोंडाशी, विजेच्या खांबापाशी, कचऱ्याचा हा ढीग! काळीकुट्ट लाकडं, त्यावर भोकं पडलेलं घोंगडं, त्यावर मोडका खराटा, आणि सगळ्यांच्या वर, देवळावर कळस असावा तशी, एक फाटकी चप्पल. एकच!

माझं टाळकं सणकलं. ऐन बारशाच्या दिवशी! विहीणबाईंची गाडी इथेच थांबणार, पाय इथेच पडणार, बोट इथूनच सुरू होणार! जिलबीचा खोका स्कूटरच्या हँडलला अडकवला, मोबाइल काढला आणि फोटो घेतला. ॲप उघडलं. खाली शेरा लिहायला जागा होती. लिहिलं: 'अत्यंत किळसवाणा ढीग. ढेकूण असण्याची दाट शक्यता. कोणा निर्लज्ज माणसाने टाकला आहे. आजच्या आज उचलून कायमची विल्हेवाट लावावी.' यातला 'कायमची' हा शब्द मी नंतर घातला. सुचला म्हणून.

तेवढ्यात घरून सुलभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन. "अहो, विहीणबाईंच्या ओटीला खण राहिला! तसेच मागे फिरा!" मी तसाच मागे फिरलो. कापडाच्या दुकानात हिरवा घ्यावा की जांभळा या पेचात उभा होतो, तर खिशातला मोबाइल वाजला.

'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद!'

खाली दोन फोटो. एकात माझा ढीग. दुसऱ्यात तोच विजेचा खांब, तोच रस्ता, आणि ढीग नाही! नुसता उचलला नव्हता, खाली झाडलं होतं. वर पांढरी पावडरसुद्धा मारली होती. मी तिथल्या तिथे खाली बसायला लागलो. दुकानदाराने स्टूल पुढे केलं. "काय झालं भाऊ? घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "पालिकेने काम केलं." तो माणूस पाणी आणायलाच धावला!

घरी शिरलो तो छाती काढून. ओटीवर ठकूआत्या बसलेली, बशीतून चहा पीत. ठकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावर आमची वाडी, तिथे ती तिच्या म्हशी आणि भावकी असं सगळं एकाच आवाजात हाकते. पहिल्या एस्टीने आली होती. मी बाजारात, ती घरात, अशी आमची चुकामूक झालेली.

"आलास काय रे बाळ्या? किती सुकलास रे!" (मी सुकलेला नाही. आत्याला तसं दिसतं.) "पाळना आनलाय हो!"

आता या पाळण्याचं सांगतो. आमच्या सगळ्या भावकीत पाळणा एकच. ज्याच्या घरी बारसं, त्याच्या घरी तो जातो. आत्याने सांभाळायचा, आत्याने न्यायचा, आत्यानेच त्यात पोर निजवायचं. मलाही त्यातच निजवलेलं. यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. बारशातलं आमच्या भावकीतल्या पुरुषांना फक्त जेवण ठाऊक असतं.

"कुठाय पाळणा?" मी इकडेतिकडे बघितलं.

"भायेर हाय. उंबऱ्याच्या आत कसा घेनार? बारशाच्या येळंला ओवाळून घ्यायचा, तवर उन्हात ठेवायचा. येवढा मोठा झालास, इतका पन ठावं नाय?"

"बाहेर कुठे? मला दिसला नाही."

"दिसनार कसा? नजर लागू नये म्हनून झाकतात त्याला. सुटा करून ठेवलाय, वर घोंगडा टाकलाय, घोंगड्यावर मोडका खराटा..." आत्याने बशीतला शेवटचा घोट घेतला. "आनी वर फाटकी चप्पल. बघनाऱ्याला वाटला पायजे, घान पडलीय. तुमच्या दारात ऊन नाय, म्हनून त्या खांबाजवल ठेवला."

माझ्या अंगातलं रक्त तळपायाला उतरलं. कानात कुकरची शिट्टी वाजल्यासारखं झालं. (कुकर खरंच वाजत होता, पण ते मला नंतर कळलं.)

आत्या आपल्याच नादात बोलत होती. "पाळन्याच्या दोन खांबांवर मोर कोरलेत बघ. ह्याच पाळन्यात तुला घातला, तुज्या भावांना घातला, दीपालीला घातली. माजी कूस काय उजवली नाय, बाळ्या. पन ह्याच्यात निजलेला जो तो पोर माजाच. आता गुडघं ऱ्हायले नाय रे. ही पोर एकदा माज्या हातानं आत निजवली, की मी सुटली."

असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि घोरायलाही लागली. मी तिथेच उभा. मला रडू येत होतं, ओरडावंसं वाटत होतं आणि दोन्ही करता येत नव्हतं. त्या म्हातारीच्या आयुष्यात स्वतःचं म्हणून एक पाळणा होता, आणि मी त्याची विल्हेवाट लावली होती. कायमची!

अनिकेतला मागच्या दारी ओढला आणि कानात सगळं सांगितलं. तो बिचारा पांढराफटक पडला.

"पप्पा, पण इतक्या लवकर कसा उचलला?"

"तेच तर! तुमच्या पुण्यासारखा नुसता क्रमांक दिला असता तर काय बिघडलं असतं यांचं?"

सुलभा दारात आली. "कुठे निघालात दोघं?"

"जिलबी कमी पडेल, आणखी आणतो."

"अहो, आहे ती तर खाली ठेवा!"

खोका माझ्या हातातच होता. पण थांबलो असतो तर तोंडातून खरं बाहेर पडलं असतं. तसाच स्कूटरवर बसलो, मागे जावई, त्याच्या मांडीवर जिलबी, आणि सुटलो पालिकेकडे.

पालिकेत तक्रार कक्ष नवा केलेला. काचेचं दार, आत गारवा. टेबलामागच्या तरुण मॅडम मला म्हणाल्या, "या ना सर, बसा." मी मागे वळून बघितलं, माझ्यामागून कोणी साहेब आलेत की काय! कोणी नव्हतं. त्या मलाच 'बसा' म्हणत होत्या! सरकारकडून दिवसभरातला हा दुसरा धक्का.

"बोला सर, काय तक्रार आहे?"

"माझी तक्रार निकाली निघाली."

"अभिनंदन सर!"

"ती परत घ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे तो कचरा होता तिथे परत आणून टाका!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग जावयाकडे, मग हळूच पाण्याचा ग्लास माझ्या पुढ्यात सरकवला. "सर, तक्रार पुन्हा उघडायची तर कारण निवडावं लागतं. काम झालं नाही, काम अर्धवट झालं, की कर्मचारी उद्धट वागले?"

"यातलं काही नाही हो. काम फार चांगलं झालं!"

"तसा पर्याय नाहीये सर."

"पप्पा, 'इतर' असेल बघा," जावई म्हणाला.

"'इतर' आहे," मॅडम म्हणाल्या, "पण त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात येतं."

पुढच्या आठवड्यात! दिवसातलं पहिलं ओळखीचं वाक्य ऐकून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. तेवढ्यात आतल्या केबिनमधून साहेब बाहेर आले. हसतमुख, उत्साही. सरकारी माणूस इतका उत्साही मी फक्त बदली झाल्यावर बघितलाय. मॅडम म्हणाल्या, "सर, हे 'चुटकीसरशी'वाले नागरिक. स्वतः आलेत." साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"काय सांगता! अहो, तक्रार करणारे रोज येतात. काम झालं म्हणून सांगायला आलेले तुम्ही पहिले!" आणि त्यांची नजर जावयाच्या हातातल्या खोक्यावर गेली. "अरे वा! याची काय गरज होती?"

मी म्हणणार होतो, ती माझ्या नातीची आहे. पण तोवर खोका उघडलेला, हिशेबाच्या खोलीतून माणसं बाहेर आलेली, शिपाई सगळ्यांना कागदावर वाढत सुटलेला! साहेबांनी एक जिलबी माझ्याच तोंडात कोंबली आणि कोणीतरी म्हणालं, "सर, इकडे बघा." फोटो! माझे डोळे पाण्याने भरलेले, गाल जिलबीने भरलेले. "बघा," साहेब म्हणाले, "नागरिक किती भारावलेत!"

जिलबी गिळल्या गिळल्या मी हात जोडले. "साहेब, तो कचरा नव्हता. पाळणा होता. आज नातीचं बारसं आहे हो! कुठे नेला, तेवढं सांगा."

साहेब गंभीर झाले. लगेच मुकादमाला फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"खांबाजवळचा ढीग ना साहेब? घोंगडा गेला चिंध्यांत. लाकूड सुका होता, झकास. तो स्मशानात पोचवला. तुम्हीच सांगितलाय ना, काय वाया नाय गेला पायजे!"

जावयाच्या हातून रिकामा खोका पडला. साहेब एकदम कळवळून म्हणाले, "जा! धावा! माझी गाडी नेता का?" त्या माणसाने खरंच गाडीची किल्ली पुढे केली. इतकं चांगलं मला सरकारने कधीच वागवलं नव्हतं, आणि मला ते उपभोगायलाही वेळ नव्हता!

स्मशानभूमी सावित्रीच्या काठी. पोचलो तर तिथे गर्दी. बाजारपेठेतले नाना गेलेले, वय नव्वदीच्या पुढे, त्यामुळे पोरं-नातवंडं-पतवंडं असा भरगच्च जनसमुदाय. आम्ही दोघं मान खाली घालून आत शिरलो. लाकडाच्या शेडमधल्या माणसाला हळूच विचारलं.

"ती पेटी काय?" त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. "ती कशातच नीट बसं ना, म्हनून बाजूला ठेवली."

पाळणा! चारी पितळी कड्यांसकट खालचा पाळणा शाबूत होता! मी तो अक्षरशः कवटाळला. जावयाने विचारलं, "आणि खांब? वरचा दांडा?"

"ते लागले ना कामाला."

मी वळून बघितलं. नानांचं सरण रचून तयार होतं. आणि त्याच्या खालच्या थरातून एक लाकडी मोर मान वर करून माझ्याकडे बघत होता.

काय सांगू तुम्हाला! मी सरणाच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. मोरापासून हाताच्या अंतरावर. ओढला तर निघेल? निघेल. पण वर नाना! मोर ओढला आणि नाना हलले तर? पाचशे माणसांच्या डोळ्यांसमोर मी परक्याचं सरण उपसताना कसा दिसेन? एका पांढऱ्या टोपीवाल्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनीही डोळे टिपले.

"नानांचे तुम्ही कोणाकडून?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "लाकडाकडून."

"अच्छा, वखारवाले! नाना माणसं जोडायचे हो," असं म्हणून त्यांनी मला पुढे घेतलं, घरच्या मंडळींत. आणि मी तिथे हात जोडून उभा असताना अग्नी दिला. सुकं लाकूड ते, आत्याच्या माळ्यावर चुलीच्या धुराने पिढ्यान् पिढ्या खडखडीत झालेलं. मोर आधी पेटला. मी हुंदका दिला. टोपीवाले गृहस्थ मला सावरत होते, जावई मला सावरत होता, आणि नानांचा सख्खा मुलगा रडायचा थांबून माझ्याकडे बघायला लागला होता.

स्मशानातून घरी जायचं तर अंघोळ हवी. समोर नदी होती, पण आमच्या सावित्रीत मगरी आहेत, आणि त्या दिवशीचं माझं नशीब बघता मी काठावरच्या नळाखाली बसणं पसंत केलं. आधी मी, मग जावई, मग पाळणा. तिघंही निथळत स्कूटरवरून आळीत आलो.

वाटेत ठरवलं होतं, आत्याला खरं सांगायचंच नाही. काहीतरी थाप मारू, खांब-दांडा चोरीला गेला म्हणू. पण ओटीवर अख्खी आळी लोटलेली! मधोमध विहीणबाई, आणि दारात आरतीचं ताट घेऊन ठकूआत्या.

"पाळना वला कसा रे?" आत्याने विचारलं.

"धुतला, आत्या. स्वच्छ."

"माज्या पाळन्याला तू हात लावलास? आनी तू का वला?"

"मलापण धुतलं."

विहीणबाई पुढे झाल्या. पाळण्याच्या कडेवरून त्यांनी एक बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "बाई गं, किती स्वच्छ!" मला वाटलं, सुटलो!

आणि नेमके त्याच क्षणी आळीतल्या सगळ्या बायकांचे मोबाइल एकदम वाजले.

आळीच्या ग्रुपवर पालिकेचा निरोप आला होता. शेजारच्या मंदाकाकूंनी चष्मा वर केला आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचायला घेतलं. "'समाधानी नागरिक! आपल्या आळीतील जागरूक रहिवाशांच्या तक्रारीनुसार किळसवाणा ढीग तत्काळ हटवण्यात आला. जमा झालेले लाकूड स्मशानभूमीस...' अहो, हे तर आपले बाळारामभाऊ! जिलबी खातायत!"

फोटो या हातातून त्या हातात गेला. तोंडात जिलबी, डोळ्यांत पाणी, खाली ढीग, ढिगावर चप्पल. आत्याने मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"ही माजी चप्पल," ती एवढंच म्हणाली.

मी थाप मारायचं विसरलो. भडाभडा सगळं ओकलो. तक्रार मी केली, 'कायमची' मी लिहिलं, मोर माझ्यासमोर जळाले, मी काही करू शकलो नाही. "आत्या, मला जोड्याने मार!" असं म्हणून मी पायरीवरच बसलो आणि खरोखर रडलो. दीपाली बाळाला घेऊन दारात आली. सुलभाने तोंडावर पदर घेतला. विहीणबाई हळूच बोट लुगड्याला पुसत मागे सरकल्या. "स्मशानातून? म्हणजे आता यात माझ्या नातीला..."

आत्या माझ्याकडे बघतच नव्हती. तिने विचारलं, "कोन गेला?"

"बाजारपेठेतले नाना."

"किती वर्साचा?"

"नव्वदीच्या पुढचे."

"पोराबाळांचा?"

"खूप, आत्या. पतवंडांनीसुद्धा नमस्कार केला."

आत्याने पदराने डोळे पुसले. एकदा, दोनदा. मग ताठ झाली आणि विहीणबाईंकडे वळली. "ऐकलात ना, बाई? भरल्या घरचा, पिकला मानूस. आमच्या पाळन्याचा मोर त्याला पोचवायला गेला. अशा मानसाचा आयुष्य ज्या पोरीच्या पाळन्याला लागला, तिला काय कमी पडनार हाय? आना पोरीला!"

विहीणबाईंनी निमूट वाट दिली. आत्याच्या त्या आवाजापुढे म्हशी वळतात, विहीणबाई काय चीज! दीपालीच्या डोळ्यांतही पाणी आलं. मी आत्याचे पाय धरायला वाकलो, तर तिने माझा कान धरला.

"तुजा काय समज, बाळ्या, सोडीन मी तुला? खांब कुठायत? पाळना टांगायचा कशाला?"

"वर पंख्याची कडी आहे ना," जावई म्हणाला.

"पंख्याला पोर टांगतात काय, जावईबापू? पुन्यात टांगत असतील!" तिने मंदाकाकूंना कपडे वाळवायचा बांबू आणायला लावला. त्याचं एक टोक माझ्या उजव्या खांद्यावर, दुसरं जावयाच्या डाव्या खांद्यावर. मधे पितळी कड्यांनी पाळणा टांगला. ओवाळला. आम्हा दोघांना पाळण्यासकट उंबऱ्याच्या आत घेतलं. आत्याने स्वतःच्या हातांनी पोरीला आत निजवलं, तिच्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, आणि म्हणाली, "ही पन माजीच हो."

मला भरून आलं, पण डोळे पुसता येईनात. हात बांबूला होते. मग आत्याने पाळणा म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत एकेक कडवं, सावकाश, लांबवून. संपलं असं वाटलं तर तिने भावकीतल्या एकेकाचं नाव घालून नवीन कडवी रचली. बायका माझ्या काखेखालून 'कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या' करत पोर इकडून तिकडे देत होत्या. जावयाचे गुडघे कापत होते. मी जरा हललो की आत्या गाता गाताच डोळे वटारायची, आणि कडवं पुन्हा पहिल्यापासून!

त्या बारशाचा एक मोठा फोटो विहीणबाईंनी चौकटीत घालून पाठवला. तो आता आमच्या ओटीवर आहे. पोर छान हसतेय, आत्या तर दहा वर्षांनी तरुण दिसतेय. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो निरखून बघतो आणि विचारतो, "सगळे दिसतायत, पण बाळाचे आजोबा कुठे आहेत यात?"

मी काही बोलायच्या आत आतून सुलभा सांगते, "ते काय, उजवीकडचा खांब."